इंजनाची घागर

तांबडवाडीच्या छबुबाईला दोन वर्षांत कधी कोंबड्यानं उठवलं नाही की मोबाइलच्या गजरानं. तिला उठवायची ती भीती. पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडायचे आणि पहिला विचार एकच, गाडी हाय का गेली? मग तशीच उठून ती दार उघडायची आणि चावडीकडं बघायची. अंधारात एसटीचं धूड दिसलं, की मग कुठं चुलीकडं वळायची. नवरा राधाकिशन अंथरुणातूनच म्हणायचा, "अगं, ती काय मांजर हाय का, रातीतून उठून जायाला?" त्याला काय कळणार! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तांबडवाडी म्हणजे पाटोदा तालुक्यात, डोंगराच्या काखेत दडलेली दीडशे उंबऱ्यांची वाडी. गाडी एकच. संध्याकाळी बीडहून यायची, चावडीपुढं मुक्काम करायची आणि पहाटे पावणेसहाला परत निघायची. ही आमची मुक्कामी गाडी. ती चुकली की माणसानं पाच किलोमीटरचा चढ पायी चढायचा, डांबरी रस्त्याला लागायचं आणि येईल त्या गाडीला हात दाखवत उभं राहायचं. 'हात दाखवा, गाडी थांबवा' म्हणतात ना? आमच्याकडं तुम्ही हात दाखवला की ड्रायव्हरही तुम्हाला हात दाखवतो आणि निघून जातो.

छबुबाई बीडला एका सहकारी दूध संघाच्या केंद्रात कॅन धुवायला होती. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध सकाळी यायचं, टाकीत ओतलं जायचं, आणि रिकामे कॅन आठ बायांच्या पुढ्यात पडायचे. ब्रश, सोडा आणि गरम पाणी. दिवसभर हात पाण्यात, बोटं पांढरीफटक, आणि घरी आलं की घसा ओला करायला तांब्याभर पाणी मिळायची मारामार. पण काम सावलीतलं, बारमाही, आणि बसल्या जागेचं. त्याआधी चौदा वर्षं ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेलती. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार टाकायचा, उसाच्या पट्ट्यात जायचं, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा महिने काढायचे. थोरली पोरगी अशीच उसाच्या फडात वाढली, चौथीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न होऊन आता स्वतःच ऊस तोडते. धाकटी मात्र गावात राहिली, ती छबुबाईला दूध संघात काम लागलं म्हणून. आता दहावीला होती. तिचे मास्तर म्हणायचे, "ही पोरगी पुढं जाईल." छबुबाईचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं होतं. काम गेलं तर कोयता, आणि कोयता आला की पोरगी आलीच कोयत्यामागं. ऊसतोडीची टोळी जमवणारा सुग्रीव मुकादम दोनदा दारात डोकावून गेला होता. "औंदा जोडी देता का, राधाकिशन?" त्याची मोटारसायकल वाजली की छबुबाई दार लोटून घ्यायची.

आणि ते साल कोणतं, तर दोन हजार तेराचं. विहिरी आटल्या, बोअर आटले, टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही आला तर. चारा नाही म्हणून जनावरं छावणीत गेली, आणि जनावरं गेली तसं दूध गेलं. जिथं शंभर कॅन यायचे तिथं साठ यायला लागले. साठ कॅनला आठ बाया कशाला, हे काय कुणाला सांगावं लागतं? संघ माणसं कमी करायला निमित्तच शोधत होता. मग नियम निघाला. आठ वाजता फाटक बंद. उशीर झाला की हजेरीत लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की नाव कमी.

तो लाल पेन असायचा टाइमकीपर भगवानरावांच्या खिशात. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. फक्त नियमाचा लई पक्का. एसटीच्या उशिराच्या चिठ्ठ्या बायांनी आणून दाखवल्या तर म्हणाले, "ह्या ठेवा तुमच्यापाशी. चुलीला होतील."

छबुबाईचे दोन शेरे झाले होते, आणि दोन्हींत तिचा काडीचा दोष नव्हता. पहिल्या वेळी कुठल्याशा सभेला गाड्या गेल्या आणि आमच्या वाडीची मुक्कामी गाडी आलीच नाही. दुसऱ्या वेळचं तर विचारूच नका. मांजरसुंब्याला गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, आणि गर्दीत कुणा शहाण्यानं गंमत म्हणून घंटी ओढली. गाडी निघाली! चार किलोमीटर गेल्यावर कळलं की कंडक्टर मागंच ऱ्हायला. गाडी वळवून परत गेली, तो पठ्ठ्या धाब्यावर बसून दुसरा चहा पीत होता. लोक पोट धरधरून हसले. छबुबाई एकटीच रडली.

तेव्हा आता उरला होता एक शेरा. एकच.

गाडीचं अजून एक दुखणं होतं. खटारा गाडी, रेडिएटर जुना, रोजचं घागरभर पाणी प्यायची. चांगल्या दिवसांत कोण मोजतंय? पण दुष्काळात डेपोनं सरपंचाला कळवलं, ड्रायव्हर-कंडक्टरला आणि गाडीला पाणी देत असाल तर मुक्काम राहील, नाहीतर शेजारच्या गावाला हलवू. मग गावानं पाळी लावली. रोज एका घरानं दोन घागरी द्यायच्या. एक माणसांची घागर, तोंड धुवायला, चहाला. दुसरी इंजनाची घागर. ज्या घराची पाळी त्या घरच्या बाईनं पहाटे ती रेडिएटरात काठोकाठ ओतायची आणि "भरलं हो!" म्हणून आवाज द्यायचा. बाया कुरकुर करायच्या. "लेकराच्या तोंडचं काढून ह्या लोखंडाला पाजायचं!" छबुबाई मात्र दुसऱ्यांच्या पाळीलाही राखण करायला उभी राहायची. कुणाची घागर उणी दिसली तर आपल्या घरातला तांब्या आणून ओतायची.

ड्रायव्हर आसाराम, केजकडचा माणूस, हे सगळं बघत होता. इतर बायांनी पाणी ओतलं की तो बॅटरी घेऊन यायचा, झाकण उघडून आत बघायचा. छबुबाईची पाळी असली की चहाचा कप घेऊन निवांत बसायचा. "छबुताईनं भरलं म्हंजे भरलं. तिथं बघायचं काम न्हाई." चारचौघांत तो असं म्हणायचा, आणि छबुबाईला ते पगारापेक्षा गोड लागायचं.

मार्चमधला तो दिवस. पाळी छबुबाईची. टँकर यायचा दिवस उलटून गेलेला, सहावा दिवस. घरात दोन घागरी गाडीच्या आणि एक कळशी पिण्याची, एवढंच पाणी. त्याच दिवशी धाकटीचा दहावीचा गणिताचा पेपर, शेजारच्या गावातल्या शाळेत, अकरा वाजता. पहाटे पोरीनं आईला हळूच हलवलं.

"माय, मला कावळा शिवला."

नेमकं त्याच दिवशी! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. पोरगी भिंतीला टेकून उभी, तोंड एवढंसं झालेलं. "अशी कशी बसू मी पेपरला? शेजारी पोरं असत्यात. थोडं पाणी दे की धुवायाला."

छबुबाईनं घागरींकडं बघितलं. माणसांची घागर उणी करून चालणार नव्हतं, ती आसारामच्या डोळ्यांसमोर असते. कळशी पिण्याची. राहिली इंजनाची. तिनं मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? चढ तर एकच हाय. एवढे दिवस पाजलं, एक दिवस अर्ध्या पोटी ऱ्हाईल. तिनं अर्धी घागर पोरीच्या बादलीत उपडी केली. पाणी ओतताना पोरीचं तोंड बघितलं आणि पुन्हा घागरीकडं बघितलं नाही.

चावडीपुढं गाडीचं तोंड उघडून तिनं राहिलेली अर्धी घागर ओतली. आत पाणी कुठं खोल गेल्याचा आवाज आला. झाकण फिरवलं. आसाराम पलीकडं ओट्यावर चहा फुंकत बसला होता.

"भरलं का ताई?"

"भरलं हो!" छबुबाई म्हणाली. आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठाच निघाला.

गाडी सुटली वेळेवर. छबुबाई खिडकीशी बसली, पण लक्ष सगळं पुढं, इंजनाकडं. शेजारी जानकीबाई येऊन बसली. तिची सून बीडला दवाखान्यात बाळंत झाली होती, आणि दवाखान्यात प्यायला पाणी नाही म्हणून म्हातारी रोज पाच लिटरचा कॅन घेऊन जायची. कॅन मांडीवर, दोन्ही हात त्याच्याभोवती. "काल पावडरीच्या दुधालाबी पाणी नव्हतं गं," ती सांगत होती. छबुबाई नुसती हूं हूं करत होती. इंजन आज जास्त गुरगुरतंय का? का मपल्याच कानात गुरगुरतंय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अर्धा चढ झाला आणि बोनेटमधून भस्सकन वाफ आली. आसारामनं गाडी कडेला घेतली. "उतरा खाली सगळे. तापली."

छबुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती उतरली. कंडक्टरच्या मनगटाकडं बघितलं, सहा वाजून पाच मिनिटं. वर उघडा डोंगर, खाली कोरडा ओढा, पाण्याचा टिपूस नाही. आसारामनं कापड गुंडाळून झाकण ढिलं केलं, वाफ जाऊ दिली, वीस मिनिटं थांबून आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ठणठणाट! आरं, सकाळी भरली आन् हितवर रिकामी?"

एकजण म्हणाला, "पाळी कुणाची हुती बे?"

 सगळ्यांना माहीत होतं पाळी कुणाची. पण कुणी तिच्याकडं बघायच्या आतच आसाराम उखडला. "ए, गप. छबुताईनं भरलंय. ती लबाडी करील व्हय? तिचं तर पोट हाय ह्या गाडीवर. रेडिएटर फुटलाय, दुसरं काय न्हाई."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. छबुबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. बोल, आता बोल, असं मन म्हणत होतं. पण बोलली तर पंचवीस माणसं आहेत, गावभर होईल. आसाराम डेपोत सांगेल, गाव पाणी देत नाही. मुक्काम जाईल शेजारच्या गावाला. मग? 

आसारामनं सगळ्यांच्या बाटल्या मागितल्या. दोन-तीन निघाल्या, घोटभर पाण्याच्या. मग जानकीबाई पुढं आली. तिनं एकदा कॅनकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. "घ्या. गाडीच न्हाई गेली तर सुनेला पाणी तरी कुठून पोचंल?" आसाराम कॅन ओतायला लागला. भडाभडा पाच लिटर आत गेलं. छबुबाईला ते बघवेना. बाळंतिणीच्या तोंडचं पाणी, आणि पीत होती तिची लबाडी.

गाडी निघाली पावणेसातला. मांजरसुंबा आलं, गेलं. उतार लागला तशी गाडी पळायला लागली आणि माणसं गप्पांना लागली. छबुबाई मनातल्या मनात वेळ मोजत होती. पावणेआठला बीडच्या स्टँडवर पोचली तर पळत जाऊन आठच्या आत फाटक गाठता येईल. होईल. गाठता येईल. तेवढ्यात पुढून आसारामचा आवाज कानावर आला. तो कंडक्टरला सांगत होता, "आज गाडी वर्कशॉपला लावतो. एवढ्या गळतीवर चढ चढवायचा म्हंजे जिवाशी खेळ. लिहूनच देतो."

वर्कशॉप! मागल्या वर्षी हीच गाडी वर्कशॉपला गेलती, ती अकराव्या दिवशी परत आली. डेपोत बदली गाडीच नव्हती. अकरा दिवस मुक्काम नाही, अकरा दिवस पहाटेची गाडी नाही. आज फाटक गाठून उपयोग काय? उद्या शेरा पडणारच. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेली. शिवाय ती म्हातारी. उद्या सुनेला पाणी घेऊन कशी जाईल ती?

बीडच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा घड्याळात सात पन्नास झाले होते. बीडला कामाला येणाऱ्या बाकीच्या बाया पदर खोचून आपापल्या वाटेनं पळाल्या. छबुबाईही चार पावलं पळाली. मग वळली. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी आसाराम वही उघडून उभा होता.

"दादा."

"थांबा ताई, एवढं लिहू द्या."

"दादा, लिहू नका." तिनं सरळ वहीवर हात ठेवला. "रेडिएटर फुटला न्हाई. मी आर्धीच घागर ओतली."

आसारामनं तिच्याकडं बघितलं. त्याला कळायला जरा वेळ लागला. "म्हंजे... भरलं म्हणालात ते?"

"खोटं हुतं."

"कावून पर?"

आता काय सांगणार? खिडकीच्या आत नियंत्रक, मागं दोन ड्रायव्हर, सगळे बाप्ये. त्यांच्यासमोर पोरीचं कसं सांगायचं? "घरी लागलं," एवढंच ती म्हणाली. "चूक झाली. डेपोत सांगू नका, दादा, मुक्काम जाईल. पाया पडते. गावाला सजा नको."

 वर घड्याळाचा काटा सरकताना छबुबाईला दिसत होता. सात त्रेपन्न. सात चौपन्न. पळावं तर वही अजून उघडीच. ती हलली नाही. 

शेवटी आसारामनं पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. "उद्यापासून मीच बघत जाईन," तो म्हणाला. रागानं नाही, साधंच. "जावा तुमी."

ती पळाली. चप्पल हातात घेऊन पळाली. रिक्षावाले बघत होते, बघू द्या. छाती फुटायची बाकी होती. वळणावरून फाटक दिसलं, आणि ते बंद होतं. भगवानराव आतल्या बाजूनं उभे. त्यांनी घड्याळ बघितलं. आठ वाजून तीन मिनिटं.

"सायेब, तीनच मिनिटं..."

"तीन असू दे की तीस." भगवानरावांनी खिशातला लाल पेन काढला, पण लगेच लिहिलं नाही. तेही जरा चुळबुळले. "छबुबाई, मॅनेजर सायबानी सगळ्या केंद्रातनं पाच नावं मागितलती. चार झालती. पाचवं मला सापडत नव्हतं, खरं सांगतो. तू सापडू नको असंच म्हणत हुतो मी." आणि मग त्यांनी लिहिलं.

त्या संध्याकाळी ती गावी कशी आली, घरी काय बोलली, ते सांगण्यात हशील नाही. पोरगी पेपर सोपा गेल्याचं सांगत होती. छबुबाई ऐकून घेत होती. राधाकिशनला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सुग्रीवला निरोप धाडावा लागंल." आणि बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला तिचे डोळे टक्क उघडले.  गाडी हाय का गेली? उठून दाराशी गेल्यावर आठवलं, की आता गाडी असली काय आणि गेली काय. तरी ती दारातच उभी राहिली. पाळी भिवराबाईची होती. भिवराबाईनं घागर ओतून "भरलं हो!" म्हणून आवाज दिला. आसाराम बॅटरी घेऊन उठला, झाकण काढून वाकून वाकून आत बघितलं, बोट घालून बघितलं, मग मान हलवली.

बाया चढल्या. जानकीबाई कॅन घेऊन चढली. पावणेसहा झाले. जी गाडी जन्मात कुणासाठी थांबली नाही ती थांबली. आसारामनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. "छबुताई आली न्हाई अजून," तो खिडकीतून म्हणाला. कंडक्टर कुरकुरला, "उशीर व्हायलाय मालक." तरी हॉर्न वाजतच होता. कुत्री भुंकायला लागली. पोरगी अंथरुणात उठून बसली. छबुबाईला वाटलं, दार लावून घ्यावं आणि कानात बोळे घालावेत. पण हॉर्न थांबेना. शेवटी ती तशीच, रिकाम्या हातानं चावडीपुढं गेली.

"चला की लवकर," आसाराम म्हणाला. "पिशवी कुठाय?"

"जावा तुमी दादा. मला कामावर जायचं न्हाई."

"कावून? आजारी हाव का?"

"तिसरा शेरा पडला. नाव कमी झालं."

"कवा?"

"काल," छबुबाई म्हणाली. "तुमी वही उघडून उभे हुते आन् मी बोलत हुते, तवा."

आसारामचा हात हॉर्नवरून खाली आला. त्यानं चावी फिरवली आणि इंजन बंद केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "झालं! पडली का बंद पुन्हा?"